जर्मन कस्टमरचा कोरडा मेल आला म्हणजे ऑर्डर गेली असं नसतं

वाचकाचं पत्र, थोडं कापून:

नमस्कार ताई, शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आणि मशीन शॉप आहे, वडिलांनी चालू केलेली, त्यांना आम्ही आबा म्हणतो. मी 29 वर्षांचा, मेकॅनिकल करून इथंच लागलो. यंदा पहिल्यांदा जर्मनीतल्या एका पंप बनवणाऱ्या फॅमिली कंपनीचा ट्रायल लॉट मिळाला, स्टुटगार्टच्या बाजूला आहेत ते, 40 हाउसिंग, म्हणजे पंपाची बाहेरची ओतीव कवचं. पीओवर (परचेस ऑर्डरवर) डिलिव्हरी 'केडब्ल्यू 34', म्हणजे वर्षाचा 34 वा आठवडा, लिहिली होती, आम्ही त्या आठवड्यातल्या शुक्रवारी विमानानं माल काढला. पुढच्या बुधवारी त्यांना पोचला आणि शुक्रवारी मेल आला, चार ओळींचा. डिलिव्हरी लेट, 3 पीसमध्ये ब्लोहोल (ओतताना गॅस अडकून पडलेलं भोक), फोटो जोडलेत, 8डी रिपोर्ट (दोष का आला आणि परत कसा येणार नाही हे आठ टप्प्यांत लिहायचा) पाठवा, खर्च मागायचा हक्क राखून ठेवतोय. 37 पीस चांगले आले त्याबद्दल एक शब्द नाही. मी लगेच सॉरीचा मोठा मेल टाकला, तीन पीस फुकट देतो म्हणालो, पुढच्या ऑर्डरला 8 टक्के कमी करतो म्हणालो. त्यावर उत्तर काय, तर ऑटोमॅटिक मेल, परचेस मॅनेजर तीन आठवडे सुट्टीवर. आधी व्हिडिओ कॉलवर पण असंच, मी रेट सांगितला की सगळे गप्प. आता ऑक्टोबरमध्ये दोघं ऑडिटला येणार आहेत, घरी जेवायला बोलावलं तर 'धन्यवाद, गरज नाही' एवढंच. आबा म्हणतात ही माणसं माणूसघाणी आहेत, नाद सोड, आपलं पुण्याचं काम बरं. मला सोडायचं नाही. ते चिडलेत का? ऑडिटला चांदीचा गणपती द्यावा असं मनात आहे, चालेल का? आणि या लोकांशी वागायचं तरी कसं?

उत्तर:

अरे, 29 चा आहेस म्हणून सरळ अरे-तुरे करते. आधी तुझ्या मेन प्रश्नाचं उत्तर. नाही, ते चिडलेले नाहीत. ज्या सप्लायरला नारळ द्यायचाय त्याच्याकडे कुठलीच जर्मन कंपनी दोन माणसं विमानानं पाठवत नाही आणि 8डी पण मागत बसत नाही, ती गुपचूप दुसरीकडे पीओ काढते आणि तुला पुढची चौकशी आलीच नाही एवढंच कळतं. माझी बरीचशी नोकरी इथल्या सप्लायरांचे पार्ट तिकडच्या कस्टमरांपर्यंत पोचवण्यात गेली आहे, त्यामुळे असे चार ओळींचे मेल खूप बघितलेत, आणि ते वाचून इकडे घरात सुतक पडल्यासारखं वातावरण झालेलं पण बघितलंय.

तो मेल तसा का असतो ते समजून घे, म्हणजे अर्धी भीती जाईल. जर्मनीच्या व्यापारी कायद्यात, ज्याला ते एचजीबी म्हणतात आणि जो 1900 सालापासून लागू आहे, त्यात 377 नंबरचं कलम आहे. दोन व्यापाऱ्यांच्या व्यवहारात माल हातात पडला की घेणाऱ्याने तो वेळ न घालवता तपासायचा आणि खोट दिसली तर लगेच कळवायची, नाही कळवली तर माल पसंत आहे असं धरलं जातं आणि मग नंतर भांडता येत नाही. लपलेली खोट असेल तर ती सापडल्या सापडल्या कळवायची. म्हणजे बुधवारी माल आला आणि शुक्रवारी फोटोसकट मेल आला यात तुझ्यावरचा राग शून्य आहे, त्यांच्या क्वालिटीच्या माणसाने त्याचं काम वेळेत केलं एवढंच. 'खर्च मागायचा हक्क राखून ठेवतोय' हे वाक्य तर त्यांच्या अशा प्रत्येक मेलच्या शेवटी असतं, लगेच डेबिट नोट येणार असा त्याचा अर्थ घेऊ नकोस.

आणि 37 चांगल्या पीसबद्दल शब्द नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस बाबा. तुझा कस्टमर ज्या भागातला आहे तिथले लोक श्वाबी, आणि त्यांच्यात म्हणच आहे की शिव्या बसल्या नाहीत म्हणजे पुरेसं कौतुक झालं. चांगलं काम झालं हे तिथे गृहीत धरलेलं असतं, त्यावर बोलायचं काय असा त्यांचा हिशोब. बोलतात ते चुकलेल्या गोष्टीवर, आणि तेही गोष्टीवरच, माणसावर नाही. हे आपल्याला पचायला जड जातं कारण आपल्याकडे पार्टला नाव ठेवलं की ते मालकाला, त्याच्या घराला, वडिलांनी उभ्या केलेल्या धंद्याला लागतं. आबांना तेच लागलंय. त्यांना एवढंच सांग की तो माणूस ऑडिटला आला की तुमच्याशी हसून हात मिळवेल आणि लगेच ब्लोहोलवर बोलायला लागेल, त्याच्या डोक्यात या दोन गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

आता 8डी. तुझं सगळ्यात महत्त्वाचं काम आत्ता हेच आहे आणि तुझ्या पत्रात त्याबद्दल एकच शब्द आहे म्हणून मला काळजी वाटते. तू माफी मागितलीस, फुकट पीस देऊ केलेस, रेट कमी केलास, पण ब्लोहोल का आला हे सांगितलं नाहीस, आणि त्यांना फक्त तेच हवंय. लांबलचक माफी त्यांना उलट खटकते, वाटतं की कारण सापडलेलं नाही म्हणून बोलण्यात गुंडाळतोय. एका ओळीत सॉरी म्हण आणि कामाला लाग.

पहिलं म्हणजे आग थांबव. ते 3 पीस कुठल्या हीट नंबरचे (एका वेळी वितळवलेल्या लोखंडाचा नंबर), त्या हीटचे अजून किती पीस कुठे आहेत, फेटलिंगला (कास्टिंग साफ करायला) किती, मशीन शॉपला किती, स्टोअरला किती, ते सगळे बाजूला काढ, लाल टॅग लाव, मोज, फोटो काढ आणि हे सगळं त्यांना एक-दोन दिवसात कळव, पूर्ण रिपोर्टची वाट बघत बसू नकोस. तुझे ते एक-दोन दिवस निघून गेलेत, म्हणजे आज पाठव.

मग मूळ कारण. इथे आपल्याकडचे दहातले आठ जण लिहितात 'ऑपरेटरचं दुर्लक्ष, समज देण्यात आली'. हे लिहिलंस की रिपोर्ट परत आलाच म्हणून समज. आता धर की तुझे हे पीस जुलैत ओतलेत, कोल्हापूरचा जुलै म्हणजे भिंतींनाही पाणी सुटतं. कोअर (कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे ठोकळे) आदल्या दिवशी बनवले, रात्रभर उघड्या रॅकवर राहिले, ओल धरली, सकाळी तसेच साच्यात बसवले, लोखंड ओतल्यावर त्या ओलीची वाफ झाली आणि वाट न मिळाल्याने आतच राहिली. मग पुढचा प्रश्न, कोअर रात्रभर का राहिले, कारण किती तासात वापरायचे हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. का लिहिलेलं नव्हतं, तर उन्हाळ्यात कधी त्रास झाला नाही म्हणून. इथपर्यंत पोचलास की मूळ कारण मिळालं, आणि बघ यात एकाही कामगाराचं नाव आलं नाही. उपाय पण मग नीट निघतो, कोअरवर तारीख-वेळ टाकायची, अमुक तासांच्या वर राहिला तर ओव्हनमध्ये परत सुकवायचा, रॅकजवळ आर्द्रतेचा मीटर आणि त्याची रोजची नोंद. हे फोटोसकट पाठव. तुझं खरं कारण वेगळं असेल, व्हेंट (वाफ बाहेर जायची वाट) बुजला असेल, वाळूत ओल जास्त झाली असेल, जे असेल ते शोध, पण इतक्या खोलात जा. अजून नक्की सापडलं नसेल तर तसंच लिही, 'दोन शक्यता तपासतोय, 16 तारखेला कळवतो', आणि 16 लाच कळव, मग सापडलेलं असो वा नसो.

हेच मला तुला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय. वाईट बातमी लवकर दे, लेखी दे, आकड्यासकट दे. आपल्याला लहानपणापासून समोरच्याला नाही म्हणायचं नाही अशी सवय, 'होऊन जाईल', 'बघतो', 'दोन दिवसात देतो', आणि समोरचा आपलाच असला की त्यालाही कळतं की दोन दिवस म्हणजे आठवडा. जर्मन माणूस तुझे दोन दिवस कॅलेंडरमध्ये लिहून ठेवतो. त्याने त्यावर पुढची असेंब्ली लावलेली असते, माणसांच्या शिफ्ट लावलेल्या असतात, त्याच्या कस्टमरला तारीख दिलेली असते. त्याला उशीर झाल्यापेक्षा उशीर होणार हे तुला आधी माहीत होतं आणि तू बोलला नाहीस याचं जास्त लागतं, आणि ते तो विसरत नाही.

समज, पुढच्या लॉटमध्ये मशिनिंगनंतर तुला 6 पीस टॉलरन्सच्या बाहेर सापडले. आपली पहिली प्रतिक्रिया काय, चाळीसात सहा कोण बघतंय, जाऊ दे. किंवा रात्रभर जागून काहीतरी जुळवायचं. त्यापेक्षा असा मेल टाक:

'ड्रॉइंग अमुक, रिव्हिजन सी. फ्लँजची जाडी 12,0 अधिक-उणे 0,3 हवी. 40 पैकी 6 पीस 12,4 ते 12,5 आलेत, मोजमापाचा तक्ता जोडलाय. पर्याय एक, आम्ही परत मशीन करतो, माल तुमच्याकडे पाच दिवस उशिरा, केडब्ल्यू 45 मध्ये पोचेल. पर्याय दोन, या 6 पीसना तुम्ही लेखी परवानगी द्या, वेगळे पॅक करून लेबल लावून वेळेत पाठवतो. गुरुवारी तुमच्या दुपारी 12 पर्यंत कळवलं तर दोन्ही शक्य आहे.'

माल निघायच्या आधी अशी परवानगी मागायची पद्धत तिथे रोजची आहे, त्यात कमीपणा काही नाही, बऱ्याचदा अर्ध्या दिवसात 'चालेल, यावेळेपुरतं' असं उत्तर येतं. आबा म्हणतील, खरं सांगितलं तर ऑर्डर जाईल. एखादवेळेस जाईलही. पण लपवून पाठवलेले 6 पीस त्यांच्या मोजणीत सापडले तर मात्र नक्की जाते, आणि ते मोजतात.

वरच्या मेलमध्ये मी 12 नंतर टिंबाऐवजी स्वल्पविराम टाकलाय तो मुद्दाम. जर्मनीत दशांश स्वल्पविरामाने दाखवतात आणि हजार टिंबाने. त्यांच्या मेलमध्ये 1.250 पीस दिसले तर ते बाराशे पन्नास, आणि ड्रॉइंगवर 1,250 असेल तर सव्वा मिलिमीटर. हे ऑफिसातल्या प्रत्येकाला सांगून ठेव, डिस्पॅचवाल्याला पण.

तसंच ते केडब्ल्यू. केडब्ल्यू म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, सोमवारपासून मोजलेला, 4 जानेवारी ज्या आठवड्यात येते तो एक नंबर. एवढं तुला माहीत असेलच, तुझा घोटाळा झाला तो दुसरीकडे. जर पीओवर डिलिव्हरी डीएपी असेल, म्हणजे त्यांच्या दारापर्यंत, तर केडब्ल्यू 34 म्हणजे त्या आठवड्यात माल त्यांच्या गेटवर हवा, तुझ्या गेटमधून निघायला नको. तेव्हा इन्कोटर्म (माल कुठपर्यंत पोचवायची जबाबदारी कोणाची, ती अट) काय लिहिलीय ते आधी बघ, आणि पुढच्या प्रत्येक ऑर्डरला कन्फर्मेशन पाठवताना 'आम्ही अमुक तारखेला काढतो, तुमच्याकडे अमुक आठवड्यात पोचेल' असं दोन्ही लिही. सिरीज ऑर्डर (ट्रायलनंतरची नेहमीची) समुद्रातून जाणार, तिथे तर हे फारच सांभाळ. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे 2023 च्या शेवटापासून बऱ्याच बोटी आफ्रिकेला वळसा घालून गेल्या आणि न्हावा शेवा ते हॅम्बुर्ग प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबला, त्यामुळे फॉरवर्डरकडून दर वेळी ताजी तारीख घेतल्याशिवाय आठवडा कबूल करू नकोस.

आता ते 8 टक्के. तू घाबरून दिलेस, कोणी मागितलेच नव्हते. जर्मन परचेसवाला घासाघीस करतो, नाही असं नाही, पण एका मेलमध्ये न मागता 8 टक्के उतरले की त्याला आनंद होत नाही, त्याला दोनच गोष्टी दिसतात, एक तर आधीचा रेट फुगवलेला होता नाहीतर आता हा मटेरियलमध्ये काहीतरी कमी करणार. ते मागे घेताना लपवाछपवी नको, सरळ लिही की आकडा घाईत दिला होता, कॉस्टिंग तपासून ऑडिटच्या वेळी पक्का रेट ठेवतो. आणि मग खरंच ठेव, कच्चा माल किती, वितळवणं, कोअर, मशिनिंग, पॅकिंग, रिजेक्शन धरलेलं. भंगाराचा आणि पिग आयर्नचा भाव बदलला तर रेट कसा बदलेल तेही त्यात लिही, जर्मन फाउंड्र्या स्वतः कच्च्या मालाच्या भावानुसार जादा आकार लावतात, त्यांना हे नवीन नाही.

कॉलवरचे गप्प बसणे पण याच खात्यात टाक. तू रेट सांगितलास, समोर शांतता, तुला वाटलं महाग वाटलं. ते नुसता विचार करत होते रे, किंवा लिहून घेत होते. तिथे कोणी बोलून झाल्यावर थोडं थांबून मग उत्तर देणं हे ऐकल्याचं लक्षण आहे. आकडा सांगितल्यावर पाणी पी, नोट्स काढ, काहीही कर, पण ती शांतता डिस्काउंटने भरू नकोस.

परचेस मॅनेजर सुट्टीवर गेला त्याचंही तसंच. तुझ्या कस्टमरच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात शाळांची उन्हाळी सुट्टी जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते, मुलंबाळं असलेली माणसं तेव्हाच जातात, सलग तीन आठवडे, आणि त्या काळात ऑफिसचा मेल बघत नाहीत, बघावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाला निदान 20 दिवस भरपगारी सुट्टी हा कायदा आहे आणि बऱ्याच कंपन्यांत 30 दिवस मिळतात. ऑटोमॅटिक मेल परत उघडून बघ, त्यात माझ्या जागी अमुक व्यक्ती बघेल असं नाव असणार. 8डी तिला पाठव, मॅनेजरला सीसीत ठेव. नाताळ ते नवीन वर्ष पण असंच बंद धरून चाल आणि शुक्रवारी त्यांच्या दुपारनंतर, म्हणजे उन्हाळ्यात आपल्या साडेचार-पाचनंतर, काही अर्जंट टाकू नकोस, सोमवारीच बघितलं जाईल. व्हॉट्सॲपवर रविवारी मेसेज तर अजिबात नको, त्यांनी स्वतः सुरू केलं तर गोष्ट वेगळी.

जेवणाचं मनाला लावून घेऊ नकोस. आपल्याकडे आधी घरी येणं, चहा, ओळखपाळख, मग व्यवहार. तिथे आधी काम नीट होताना दिसतं, मग एखाद-दोन वर्षांनी तो स्वतःहून घरच्यांचा फोटो दाखवतो, आणि तेव्हा जुळलेलं नातं सहसा तुटत नाही, दोन टक्के स्वस्त चिनी कोटेशन आलं म्हणून तर नाहीच. शिवाय ऑडिट करणाऱ्याला जिचं ऑडिट करायचं त्या कंपनीकडून पाहुणचार घेण्यावर बऱ्याच ठिकाणी नियम असतात. चांदीचा गणपती म्हणूनच नको, त्याला तो घेताही येणार नाही आणि तोंडावर नाही म्हणायला लागल्याने तो अवघडेल. ऑडिट संपल्यावर, सगळ्यांसमोर, दोघांना सारखाच, गुळाचा छोटा डबा दे, कोल्हापुरी गुळाला जीआय आहे, गावचा आहे, किंमत नगण्य आहे. दुपारचं जेवण फॅक्टरीतच अर्ध्या-पाऊण तासात होईल असं ठेव, तिखट वेगळं ठेव, शाकाहारी कोण आहे ते आधी मेलवर विचार. तांबडा-पांढरा हवा असेल तर संध्याकाळी त्यांनी वेळ आहे म्हटलं तरच.

लेखी गोष्टींबद्दल एक फार महत्त्वाचं. जर्मन व्यापाऱ्यांत जुनी रीत आहे, बोलणं झाल्यावर एकाने 'आपलं असं असं ठरलं' हे पत्र किंवा मेल पाठवायचा, आणि समोरच्याने लगेच हरकत घेतली नाही तर तेच ठरलं असं तिथलं कोर्टसुद्धा धरतं. तुझ्या करारावर ते कितपत लागू होईल हे वकिलाला विचार, पण सवय म्हणून ऑडिटनंतर किंवा कॉलनंतर आलेले मिनिट्स त्याच दिवशी शब्द न शब्द वाच आणि नाही पटलं ते लगेच लिहून कळव. 'आपण बोललो होतो ना तसं' हे तिथे चालत नाही. सहीकडे पण बघत जा. सहीच्या आधी 'पीपीए' असेल तर तो माणूस प्रोकुरा असलेला, म्हणजे कंपनीच्या वतीने मोठे करार करायचा अधिकार त्याला आहे आणि तो सरकारी नोंदीत आहे. 'आय.ए.' असेल तर तो फक्त सांगितलेलं कळवतोय, त्याच्या 'हो' वर पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) बनवायला पैसे घालू नकोस.

आणि चौकशी फक्त त्यांनीच तुझी करायची असं थोडंच आहे. जर्मनीचं कंपन्यांचं रजिस्टर, हांडेल्सरेगिस्टर, ऑगस्ट 2022 पासून ऑनलाइन फुकट बघता येतं, कोण डायरेक्टर, कोणाला प्रोकुरा, सगळं. जीएमबीएच (आपल्या प्रायव्हेट लिमिटेडसारख्या) कंपन्यांना वर्षाचा ताळेबंद पण जाहीर करावा लागतो, छोट्या कंपन्यांना थोडक्यात चालतो. क्रेडिटवर माल देण्याआधी हे बघणं तुझा हक्क आहे. अडलं तर इंडो-जर्मन चेंबरचं पुण्यात ऑफिस आहे, 1956 सालची संस्था आहे ती, तिथे विचार.

सगळंच त्यांचं बरोबर आणि आपलं चूक असं मात्र मी अजिबात म्हणत नाहीये. काही जर्मन इंजिनियर फार हट्टी असतात, तीस वर्षांपूर्वीच्या ड्रॉइंगवरची टॉलरन्स का आहे हे स्वतःलाही माहीत नसताना सोडत नाहीत. तुला जिथे वाटतं की ही टॉलरन्स कास्टिंगला उगाच कडक आहे तिथे तसं बोल, पण 20 पीसची मोजमापं आणि त्याने किती खर्च वाढतो हे घेऊन बोल. आकडे घेऊन विरोध करणाऱ्या सप्लायरला ते मान देतात, कॉलवर मान डोलावून मागाहून जमलं नाही म्हणणाऱ्याला देत नाहीत. आणि जर्मन म्हणजे एकच छाप असंही धरू नकोस. बर्लिनची नवी कंपनी पहिल्या मेलपासून पहिल्या नावाने बोलेल, तुझे श्वाबी लोक आडनावाने, तर तू पण हेर किंवा फ्राऊ लावून आडनावानेच लिही, डॉक्टर असेल तर डॉक्टर लाव, ते स्वतः म्हणेपर्यंत. कोलोनच्या कस्टमरला कार्निव्हलच्या सोमवारी मीटिंग मागू नकोस. क्वालिटीला असलेली बाई तुर्की घरातली असू शकेल, तिच्या आजोबांची पिढी 1961 च्या करारानंतर तिथे कामाला गेलेली, तिचं गणित अजून वेगळं. कधी तू तिकडे गेलास तर तिथली रेल्वे मात्र वेळेवर असेल असं धरू नकोस, 2024 मध्ये त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्या जेमतेम 62 टक्के वेळेवर होत्या, मीटिंगच्या आधीची एक गाडी पकड, कारण गाडी लेट होती हे कारण तिथेही फार ऐकून घेत नाहीत.

आता ऑडिट. त्यांना आधीच वेळापत्रक पाठव, किती वाजता कुठे, कोण भेटणार, पुण्याहून गाडीने यायला हायवेच्या कामामुळे किती वेळ लागू शकतो ते सुद्धा. त्या दिवशी फॅक्टरी सजवू नकोस, रांगोळी एक पुरे, बॅनर नको. ते कोपऱ्यात बघतील. श्वाबियात बिल्डिंगचा जिना आणि समोरचा फुटपाथ झाडायची आठवड्याची पाळी घराघरांत फिरते आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लागते, अशा ठिकाणची माणसं आहेत ती, मशीनच्या मागचा ढीग त्यांना आधी दिसतो. मग एखादा जमिनीवरचा पीस उचलतील आणि म्हणतील, हा कुठल्या हीटचा, त्याचा स्पेक्ट्रो रिपोर्ट (लोखंडात काय किती आहे) दाखव, टेन्साइल (ताणून तोडायची चाचणी) दाखव. ड्रॉइंगवर कास्ट आयर्नच्या ग्रेडचं जुनं नाव जीजी-25 लिहिलेलं असेल तर ते आताचं ईएन-जीजेएल-250, आपलं एफजी 260 जवळचं असलं तरी परस्पर बदलायचं नाही, आणि 3.1 सर्टिफिकेट (मटेरियलच्या तपासणीचा दाखला) मागितलं असेल तर त्यावर सही प्रॉडक्शनवाल्याची नको, तपासणी करणाऱ्याची हवी. गेज आणि मायक्रोमीटरवरचे कॅलिब्रेशनचे स्टिकर आजच बघ. आणि जे नाही ते नाही म्हण, 'ही नोंद आम्ही ठेवत नव्हतो, या महिन्यापासून चालू केली, ही बघा', एवढं पुरतं.

शेवटचं, आबांना त्या दिवशी केबिनमध्ये बसवून ठेवू नकोस. इंग्रजी येत नाही म्हणून ते मागे राहतील, तू राहू देऊ नकोस. अशा फॅमिली कंपन्यांत मालक बऱ्याचदा स्वतः लेथवर शिकलेला असतो, ठिणगी बघून लोखंड ओळखणारा माणूस त्यांना लगेच कळतो. कोअर सुकवायची नवी पद्धत आबांनी मराठीत दाखवावी आणि तू शेजारी उभा राहून सांगावं. ब्लोहोलचा तो पीस पण तिथे टेबलावर कापून ठेव, झाकून नको. 8डी चा कच्चा मसुदा मला पाठवलास तर सोमवारपर्यंत वाचून कळवते.